ज्ञानूतात्यानं बांधलेले हात

ज्ञानूतात्या जन्मात एकदाच फुटबॉलला लाथ मारायला गेला आणि अंगठ्याचं नख घालवून बसला. चेंडू जागचा हलला नाही, नख तेवढं हललं, असं तो स्वतःच सांगायचा. तरीपण आमच्या गावची टीम म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं अकरा खेळणारे येत नाहीत, तात्याच येतो. त्या अकरांत मी होतो, उजव्या अंगाचा बॅक, आणि वाईट खेळत नव्हतो. तरी खरं ते खरं.

माझी शाळा चौथीपर्यंत. नातू म्हणाला, आबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, ज्यानं बघितलं त्यानंच लिहावं. पेन इकडं दे.

कृष्णेच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव, उंब्रजपासून पायी तासाभराच्या वाटेवर. समोर पलीकडच्या काठाला दुसरं गाव. त्या गावाचं नाव तात्यानं कधी तोंडात घेतलं नाही. "पलतीर" म्हणायचा. त्याच्या मानाखातर मीही इथं ते नाव लिहीत नाही. दोन्ही गावांत घरटी एक माणूस पलटणीत. आमच्यातला एक सुभेदार रिटायर होऊन आला तो ट्रंकेत चामड्याचा फुटबॉल घालून आला. गावच्या पोरांना त्यानं नदीकाठच्या गायरानात पळवायला सुरुवात केली. वर्षाच्या आत पलतीरच्या एका हवालदारानंही फुटबॉल आणला. झालं. तोवर दोन गावांत भांडायला काही नव्हतं, तेही आलं.

दरसाल चैत्रात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सामना. एक वर्ष आमच्या गायरानात, एक वर्ष त्यांच्या. जिंकेल त्यानं ढाल न्यायची. ढाल म्हणजे लाकडाच्या फळीवर पितळेचा पत्रा ठोकलेला. पण पोरगी द्यावी आणि ढाल देऊ नये, अशी तिची किंमत.

तात्या धंद्यानं गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्याला वासावरून कळायचं. पंचक्रोशीतली माणसं त्याला गुऱ्हाळावर न्यायला गाडी पाठवायची. पलतीरची गाडी आली तर मात्र तो बैलांना पाणी पाजून तशीच परत लावायचा. "बैलांचा काय दोष न्हाई," म्हणायचा. "पन त्या गावचा ऊस माज्या हातनं शिजायचा न्हाई. आंबूस ऊस त्यो."

"तात्या, तुमी चाखलाय व्हय?" मी विचारलं होतं.

"चाखायला कशाला पायजे? नावेतनं दिसतोय की."

पाण्याचंही तसंच. सामना पलतीराला असला की तात्या फिरकीचा तांब्या भरून बरोबर घ्यायचा. ऊन डोक्यावर, सामना पावणेदोन तास, तांब्या रिकामा झाला तरी त्या गावच्या पाण्याचा घोट घ्यायचा नाही. नावाडी सिदूमामा त्याची चेष्टा करायचा. "तात्या, नदी येकच हाय की रं. त्येंच्या घागरीत बी कृष्णाच आन तुज्या तांब्यात बी कृष्णाच."

"आमच्या काठाला वाहती ती आमची कृष्णा. त्येंच्या काठाला वाहती ती त्येंची."

"आन मधली?"

"मधली तुजी. वल्हं मार."

त्याची बायको काशीकाकू. तिची धाकटी बहीण पलतीराला दिलेली. त्या लग्नाला तात्या गेला, अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या पंगतीतून उठून गुऱ्हाळाच्या चुलवाणावर परत आला. काकू चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आवं, मी मेले तर खांदा तरी देशीला न्हवं? का कुठल्या काठाला मेले ते आदी इचारशीला?" तात्या म्हणाला, "तू ह्याच काठाला मर, म्हंजे काय अडचन न्हाई."

एकदा माघात असाच ईर्ष्येपायी एक जादा सामना ठरला, पलतीराच्या रानात. तात्याला जाता येईना, काहील चढलेली. पण गुऱ्हाळ काठावर आणि त्यांचं रान समोरच. माणसं मुंग्यांएवढी दिसायची. तात्या हातात लांब दांड्याचा झारा घेऊन बांधावर उभा राहिला. ओरडा झाला की इकडं चुलवाणाला येऊन बघायचा, पुन्हा बांधावर. आमचा गोल झाला असं त्याला वाटलं आणि तो तिथंच नाचायला लागला. रस पुढं गेला. गूळ काळाकुट्ट, ढेप फोडायला कुऱ्हाड लागली. उसाचा मालक बोंब मारत आला. तात्या म्हणाला, "काळा गूळ खोकल्याला बेस. गावात निम्म्यांना खोकला हाय." आणि गोल आमचा नव्हताच, आमच्यावर झाला होता. पण हे त्याला सांगायची हिंमत आम्हाला दोन दिवस झाली नाही.

सामन्यात तात्याची जागा ठरलेली. त्यांच्या गोलच्या मागं, खांबापासून चार हातांवर. तिथून तो त्यांच्या गोलकीपरला शिव्या द्यायचा. आई-बहिणीवर कधी गेला नाही. त्याच्या शिव्या सगळ्या शेतातल्या. वांझोट्या कणसा, किडक्या शेंगा, मुंडी उडालेल्या उसा. ज्यांना शिव्या बसायच्या तेही हसायचे.

एकजण मात्र हसायचा नाही, मागं वळूनही बघायचा नाही. त्यांचा गोलकीपर बबन. उंच, सडपातळ, हात गुडघ्यापर्यंत. तो पलटणीत होता आणि दर चैत्राला रजा काढून जत्रेला यायचा. चेंडू त्याच्या हाताला लागला की सुटायचा नाही. पाक कच्चा राहिला म्हणजे गूळ जसा बोटाला लोंबतो, तसा. तात्यानं त्याचं नाव ठेवलं चिकट्या. ह्या चिकट्यापायी ढाल तीन वर्षं पलतीराला राहिली. तिसऱ्या वर्षी सामना आमच्याच रानात होता. आमचा फॉरवर्ड हणमा यानं सहा वेळा गोलवर मारला. सहाही वेळा बबननं चेंडू छातीशी घेतला आणि हळूच जमिनीवर ठेवला, मूल पाळण्यात ठेवावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात. "पांडू, नारळ घे आन चल." बांधावरच्या म्हसोबाला गेलो. तात्यानं कंबरेची दोन उसाची कांडी काढली, एकाला एक जोडली आणि सुंभाच्या दोरीनं आवळून बांधली. ओळीनं सात गाठी मारल्या. कांडी देवापुढं ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, "म्हसोबा, ह्ये पलतीरच्या बबनचं हात. बांदलं तुज्या साक्षीनं. चेंडू काय, त्येच्या हातात काय बी ऱ्हाऊ देऊ नगंस."

मी म्हटलं, "तात्या, काय बी म्हंजे जरा जास्त झालं."

"देवाफुडं मोजून मागायचं नसतं. दे नारळ."

मी दिला. म्हणजे त्यात मीही आलो.

त्या वर्षी थंडीत लढाई लागली. बांगलादेशची. दोन्ही काठांवर जो तो रेडिओला कान लावून बसला. पोस्टमन दिसला की बाया उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. लढाई संपली, आमच्या गावची पोरं सुखरूप असल्याची कार्डं आली. आणि मग एके दुपारी सिदूमामा नावेतून उतरून थेट गुऱ्हाळावर आला. आम्ही चिपाडं ओढत होतो.

"पलतीरच्या बबनचं पत्र आलंय," तो म्हणाला. "पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातनं. अक्षर दुसऱ्याचं. त्येच्या आईनं पाकीट बगूनच हंबरडा फोडला. ल्येकाचं दोनी हात भाजल्यात. जळत्या गाडीतनं जोडीदाराला वडून काडला म्हनं."

हणमा तिथंच होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग औंदा ढाल आपली."

तात्यानं हातातला झारा त्याच्या अंगावर फेकला. नेम चुकला, नाहीतर हणमा त्या वर्षी खेळलाच नसता. मग तात्या खाली बसला. गुळव्याचे हात मनगटापासून कोपरापर्यंत डागांनी भरलेले असतात, रस उडून उडून. तो ते डाग बघत बसला. काहील उतरवायची वेळ झाली तरी उठला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला सांगावं लागलं, "तात्या, पाक आला."

दुसऱ्या सकाळी तो म्हसोबापुढं बसलेला दिसला. कांडी वाळून चिपाड झाली होती, पण सुंभ पावसानं आवळून लोखंड झालं होतं. मी कंबरेचा विळा काढला तर माझा हात धरला. "कापायचं न्हाई. बांदलेलं सोडायचं आसतं." नखं रक्ताळली तरी बोटांनी, दातांनी एकेक गाठ सोडवत होता. सात गाठी सुटायला ऊन माथ्यावर आलं. तेवढ्यानंही भागलं नाही. गुरवानं सांगितलं, गाऱ्हाणं परत घ्यायचं असेल तर ज्याच्या नावानं घातलं त्याच्या घरी जाऊन कबूल करायचं आणि त्या घरचं पाणी प्यायचं. नुसत्या गाठी सोडून देव ऐकत नाही.

"दुसरं काय सांग," तात्या म्हणाला.

"दुसरं न्हाई."

तो घरी गेला आणि फिरकीचा तांब्या भरला. काशीकाकूनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि कोनाड्यात ठेवला. "आज ह्यो लागायचा न्हाई." तात्या वळला आणि मला म्हणाला, "पांडू, तू साक्षीला हुतास. चल."

बबनची आई सोनाक्का. धिप्पाड बाई, कपाळ रिकामं, आवाज गड्यासारखा. आम्ही अंगणात गेलो तेव्हा ती जोंधळा पाखडत होती. तात्याला ओळखत नाही असं पलतीराला कोणी नव्हतं. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "आज सामना न्हाई. शिव्या घरी यून देनार काय?"

तात्या उभ्या उभ्याच बोलला. "आक्का, तुज्या ल्येकाचं हात म्या बांदलं. चैतात. म्हसोबाला गाऱ्हानं घातलं." मग दोन कांडी, सात गाठी, नारळ, सगळं सांगितलं. नारळ कोणी दिला तेही सांगितलं. "गाठी सोडल्या. आता तुज्या घरचं पानी पेल्याबिगर सुटका न्हाई म्हनत्यात. शिव्या दे, हान, पन पानी दे."

सोनाक्कानं सूप खाली ठेवलं आणि उठली. मला वाटलं, आता उलथणं आणते. पण ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तात्याच्या हातात दिला. तात्या डोळे मिटून सगळा घटाघटा प्याला. खाली ठेवला, तोंड पुसलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता माजं आयका. तीन वर्सं तुमच्या गावचा गोल का झाला न्हाई? बबन्या खेळतूय म्हनून?"

"व्हय. मग?"

"तीन वर्सं तुमच्या खेळनाऱ्यांच्या पायाखालची माती म्या चिंदीत बांदून मरीआईच्या दगडाखाली ठिवलीया. तुमी काय येकटंच भगत हाय?"

त्या तीन वर्षांत माझा घोटा दोनदा मुरगळला होता. मी आपलं मुकाट पायाकडं बघितलं.

तात्या तिच्याकडं बघत राहिला आणि मग त्याला हसू फुटलं. असं फुटलं की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तिलाही आलं. हसता हसता ती रडायला लागली. पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "त्येचं हात बरं हुत्याल का वं, तात्या?"

तात्याचं हसू थांबलं. उकिडवा बसून त्यानं बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात तिच्यापुढं धरले. "ह्ये बग. तीस वर्सं भाजतोय. भाजलेलं भरतंय, पन बोटं गप ठिवली तर चामडं आखडतंय. मग मूठ उगडत न्हाई. पत्रात लिव्ह, पट्ट्या निगाल्या की बोटं हलीव म्हनावं. दुखलं तरी हलीव. घरी आला की मला सांगावा धाड."

सोनाक्कानं त्याच दिवशी मरीआईच्या दगडाखालची चिंदी काढून माती नदीत सोडली. आम्ही नावेत होतो, ती काठावर. "सोडली गं बाई!" असं मोठ्यानं म्हणाली, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

बबन फाल्गुनात घरी आला. तिथून पुढं महिनाभर तात्या रोज पहिल्या नावेनं पलतीराला जायचा. गावात सांगायचा, मेव्हणीला बरं नाही. गाव म्हणायला लागलं, तात्या फितूर झाला. सिदूमामाला आणि मला खरं माहीत होतं, पण आम्ही तोंड शिवलं होतं. एकदा मी बरोबर गेलो. बबन ओसरीवर बसलेला, दोन्ही तळवे लाल, चकाकणारे, बोटं कोंबडीच्या पायासारखी वाकलेली. तात्यानं कोमट एरंडेल लावलं आणि एकेक बोट धरून सरळ करायला लागला. बबनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज मात्र नाही.

"वरड की, किडक्या शेंगा," तात्या म्हणाला. "गोलात बी गप, हितं बी गप. तुजा लय राग येतो बग मला."

"तुमी बोलताय तेवडं दोघांना पुरं हाय," बबन म्हणाला. पहिल्यांदाच तो तात्याशी बोललेला मी ऐकला.

मग तात्यानं कणकेचा गोळा त्याच्या हातात दिला. "मळ. आन आयक, तू बरा झालास तरी ढाल आमीच न्येनार."

चैत्र आला. सामना पलतीराच्या रानात. बबन गोलात उभा राहिला तेव्हा दोन्ही गावं गप्प झाली. तात्या आपल्या जागी, खांबापासून चार हातांवर. त्याच्या तोंडून शिवी निघाली नाही. आमचं गाव कुजबुजायला लागलं.

पहिला हाफ गेला. मी मागं बॅकला असल्यामुळं मला समोरचं सगळं दिसत होतं. चेंडू आला की बबन पुढं पळत येऊन पायानं मारून लावत होता. हात वापरतच नव्हता. हणमाच्याही ते ध्यानात आलं. तो मला म्हणाला, "पांडबा, त्येला धरायला येत न्हाई. आता बग." आणि मी, आमच्या टीमचा बॅक, मनात म्हणत होतो, म्हसोबा, नारळ मी दिलाय, धरू दे त्याला.

आमचा एकही गोल झाला नव्हता, त्यांचा एक झाला होता. संपायला पाच-दहा मिनिटं राहिली. डाव्या कोपऱ्यातून चेंडू उंच आला आणि हणमानं तो खाली पडूच दिला नाही, पळत येऊन तसाच हाणला. जवळून, छातीच्या उंचीला, बंदुकीच्या गोळीसारखा. पायाला वेळच नव्हता. बबनचे दोन्ही हात पुढं आले. असा फाडकन आवाज झाला की माझ्याच तळव्यांना झिणझिण्या आल्या. बबन पाठीवर पडला. धूळ उडाली. धुळीत काही दिसेना.

धूळ बसली तर चेंडू त्याच्या छातीवर आणि वर दहा बोटं पसरलेली. धरलेला.

पलतीराचं गाव फुटलं. आमच्याकडं स्मशान. आणि त्या स्मशानात एकच आवाज आला, गोलच्या मागून. "धरलास व्हय रं, आंबूस उसा! धरलास! मुंडी उडाल्या! कुनी सांगितलं तुला धरायला?" तात्या खांबाला धरून उभा होता आणि घसा फुटेस्तोवर शिव्या देत होता. बबन उठला, चेंडू हळूच जमिनीवर ठेवला, मागं वळला आणि तात्याकडं बघून हसला. सामना चालू असताना तो मागं वळला, तो तेवढा एकदाच.

आम्ही एका गोलनं हरलो. चौथं वर्ष.

संध्याकाळी परतीच्या नावेत बसलो. हरल्यावर तात्या नावेत कधी बसून राहायचा नाही, उभा राहून एकेकाचा हिशेब घ्यायचा, कोणाचा पाय कुठं चुकला. त्या दिवशी नाव काठ सोडायच्या आत तो तळाच्या फळीवर बसला आणि माझ्या गुडघ्याला डोकं टेकून झोपला. तोंड उघडं, हात पोटावर मोकळे पडलेले. महिनाभराची झोप होती ती.

आमचा काठ आला. हणमा त्याला हलवायला वाकला. सिदूमामानं बांबू रोवून नाव धरली आणि मान हलवली. "नगं उठवू. ऱ्हायलेली मानसं आनायला मला परत जायाचंच हाय. झोपू दे."

मी गुडघा हळूच काढून घेतला, त्याच्या डोक्याखाली माझा टॉवेल ठेवला आणि उतरलो. आम्ही सगळे काठावर उभे राहिलो. तात्या घोरत होता, आणि नाव त्याला घेऊन पलतीराला निघाली.